भैय्या चौकातील घर आणि यॉर्कटाउनचा धडा

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ ही बोट चीनच्या दिशेने निघाली. त्या बोटीवर पाच भारतीय डॉक्टर होते. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या या तरुणाचे वय तेव्हा २७ वर्षांचे होते. पाचांपैकी चौघे मायदेशी परतले. पाचवा परतला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमधील एका खेड्यात, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्याने देह ठेवला. सोलापूरच्या भैय्या चौकातील त्याच्या घराचे आज स्मारक झाले आहे. त्या घरासमोरून दररोज हजारो माणसे जातात. पण ते घर जो प्रश्न विचारते, तो ऐकण्याइतका थांबतो कोण?

प्रश्न असा, की एका राष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्याला दुसऱ्या राष्ट्राने वा दुसऱ्या राष्ट्रातील माणसाने साह्य का करावे? आणि केलेच, तर त्याची परतफेड काय मिळते? हा केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा प्रश्न नाही. ज्या देशाला आपल्या सीमा स्वतःच राखायच्या आहेत आणि ज्याच्याकडे शेजारचे देश संकटसमयी आशेने पाहतात, त्या देशातील प्रत्येक सुजाण कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

प्रथम सोलापूरच्या सुपुत्राची कथा नीट समजून घेतली पाहिजे. १९३७ साली जपानने चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्याची याचना केली. १९३८ साली हरिपुरा येथे काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमला, रुग्णवाहिका घेण्यात आली आणि पथक रवाना झाले. स्वतः परदास्यात असलेला, ज्याच्या तिजोरीवर आणि सैन्यावर परक्याचा ताबा होता, असा देश दुसऱ्या आक्रमणग्रस्त देशाला डॉक्टर पाठवत होता. सत्ता नसताना केलेले हे साह्य होते, म्हणूनच त्याचे मोल अधिक.

डॉ. कोटणीस चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली. घराची ओढ कोणाला नसते? परंतु हाती घेतलेले काम अर्धवट टाकून ते परतले नाहीत. १९३९ च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले. पुढे त्यांनी आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात काम पत्करले. औषधांचा तुटवडा, उपकरणांची वानवा, शत्रूच्या चढाईमुळे रुग्णालय पाठीवर घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी हलवण्याची पाळी, अशा स्थितीत ते शस्त्रक्रिया करीत राहिले. १९४० मधील एका प्रदीर्घ लढाईत सलग ७२ तास विश्रांती न घेता त्यांनी जखमींवर उपचार केल्याची नोंद आहे. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवू लागले. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी ते विवाहबद्ध झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला, म्हणून तरी हे नाव भारतीयांच्या स्मरणात राहिले.

आता जगाच्या इतिहासाकडे वळावे. परकीय साह्याने स्वातंत्र्य मिळवल्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून ज्या युद्धाकडे बोट दाखवले जाते, ते अमेरिकेतील तेरा वसाहतींचे इंग्लंडविरुद्धचे युद्ध. ४ जुलै १७७६ रोजी त्या वसाहतींनी स्वातंत्र्याची घोषणा केली. २०२६ हे त्या घोषणेचे २५० वे वर्ष. आज महासत्ता म्हणून मिरवणाऱ्या त्या राष्ट्राकडे तेव्हा पुरेशी बंदुकीची दारूसुद्धा नव्हती. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत लागलेल्या दारूचा फार मोठा भाग समुद्रापलीकडून आला. फ्रान्सने उघडपणे काही करण्याआधी गुप्तपणे बरेच केले. नाटककार म्हणून प्रसिद्ध असलेल्या बोमार्शे याने एक नाममात्र व्यापारी पेढी उभी केली, तिच्यात फ्रान्स आणि स्पेन या दोन्ही राजदरबारांनी प्रत्येकी दहा लक्ष लिव्र ओतले आणि त्या पेढीच्या नावाने तोफा, बंदुका, दारू, कपडे व तंबू अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले.

हे औदार्य कशासाठी होते? फ्रान्सच्या गादीवर सोळावा लुई हा अनियंत्रित राजा बसला होता. त्याला लोकसत्तेचे प्रेम असण्याचे कारण नव्हते. १७६३ साली संपलेल्या सात वर्षांच्या युद्धात इंग्लंडने फ्रान्सची कॅनडातील आणि हिंदुस्थानातील सत्ता मोडीत काढली होती. त्या अपमानाचा सूड उगवायचा होता. परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन याचा हिशेब सरळ होता. इंग्लंडच्या शत्रूला बळ द्यायचे आणि इंग्लंडला दुबळे करायचे. स्पेन १७७९ साली युद्धात उतरला, तोही अमेरिकेच्या प्रेमाने नव्हे, तर जिब्राल्टर परत मिळवण्याच्या आशेने. स्वतःच्या अमेरिकी वसाहतींना हे उदाहरण दिसेल या भयाने स्पेनने अमेरिकेशी थेट मैत्रीचा तहसुद्धा केला नाही. डच व्यापाऱ्यांनी दारूगोळा विकला तो नफ्यासाठी. आणि १७८२ साली डच सावकारांनी पन्नास लक्ष गिल्डरचे कर्ज दिले, ते व्याजाने.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फ्रान्सने उघड तह केव्हा केला? घोषणा झाली तेव्हा नव्हे. बेंजामिन फ्रँकलिन डिसेंबर १७७६ पासून पॅरिसमध्ये ठाण मांडून बसले होते. त्यांचे चातुर्य, त्यांची लोकप्रियता सारे असूनही तहाला वर्षभर मुहूर्त लागला नाही. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे बर्गॉइनचे संपूर्ण इंग्रज सैन्य अमेरिकनांना शरण आले, ती बातमी पॅरिसला पोहोचली आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी तहावर सह्या झाल्या. साराटोगाच्या विजयात फ्रेंच तोफांचा वाटा होता, हे खरे. परंतु त्या तोफांमागे उभी राहिलेली माणसे त्याच मातीतली होती. जग पडणाऱ्याला सावरायला येत नाही. उभे राहू पाहणाऱ्याला आधार देण्यात आपलाही लाभ आहे असे दिसले, म्हणजे येते. साराटोगा आधी आणि तह नंतर, हा क्रम कोणत्याही राष्ट्राने विसरू नये.

त्यापुढचे साह्य मात्र प्रचंड होते. जुलै १७८० मध्ये सेनापती रोशांबो साडेपाच हजारांच्या आसपास सैन्य घेऊन न्यूपोर्टला उतरला. ५ सप्टेंबर १७८१ रोजी चेसापीक उपसागराच्या मुखाशी द ग्रास याच्या २४ युद्धनौकांनी इंग्रज आरमाराला मागे रेटले. कॉर्नवॉलिसची समुद्रमार्गे सुटका होण्याची वाट बंद झाली आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे तो शरण आला. फ्रेंच आरमार नसते, तर तो दिवस त्या वर्षी उगवला नसता, हे अमेरिकन इतिहासकारही मान्य करतात.

हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. परंतु यॉर्कटाउनच्या त्या वर्षांत पुण्यात काय चालले होते, याची सांगड सहसा घातली जात नाही. १७७५ ते १७८२ या काळात मराठे इंग्रजांशी लढत होते. म्हणजे अमेरिकेतले युद्ध आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध ही एकाच वेळी पेटलेली दोन अग्निकुंडे होती. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला. नाना फडणविसांनी त्याचा सन्मान केला. तो येताच इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. १७७८ साली बंगालहून फौज निघाली, त्यामागे फ्रेंच पुण्यात पाय रोवतील ही धास्तीही होती. सेंट लुबिनची आश्वासने मोठी होती आणि मागणीही लहान नव्हती. फ्रेंचांना पश्चिम किनाऱ्यावर चौलचे बंदर हवे होते. नानांनी ते त्यांच्या हाती दिले नाही. वकिलाला पुण्यात ठेवून घेतले, इंग्रजांना त्याची भीती वाटू दिली आणि १७७८ साली त्याला निरोप दिला. परक्याच्या मैत्रीचा उपयोग करायचा, पण घराची किल्ली त्याच्या हाती द्यायची नाही, हे राजकारण ज्या मुत्सद्द्याने साधले त्याला ‘साडेतीन शहाण्यां’त का गणतात, हे यावरून उमगते.

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना मराठ्यांपुढे नमते घ्यावे लागले. ते यश फ्रेंच सैन्याने मिळवून दिले नव्हते. ते महादजी शिंदे यांच्या सेनेने आणि पुणे दरबाराच्या निश्चयाने मिळवले. पुढे नानांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणण्याचा घाट घातला. १७८१ साली बोरघाट उतरून परतताना जनरल गॉडर्डच्या फौजेची मराठ्यांनी केलेली दैना इंग्रजी बखरकारांनीही नोंदवली आहे. १७८२ साली सालबाईचा तह झाला. मराठे अमेरिकेसाठी लढत नव्हते आणि अमेरिकन मराठ्यांसाठी लढत नव्हते. प्रत्येकजण आपल्या भूमीसाठी लढत होता. परंतु इंग्लंडला एकाच वेळी अटलांटिकच्या किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी शस्त्रे पुरवावी लागत होती. स्वतःसाठी लढणारे राष्ट्र नकळत इतरांचेही ओझे हलके करते, ही गोष्ट साह्याच्या कोणत्याही तहात लिहिलेली नसते.

आता परतफेडीचा प्रश्न. १७७८ च्या तहात असे कलम होते, की दोहोंपैकी कोणीही दुसऱ्याच्या संमतीवाचून इंग्लंडशी तह करणार नाही. प्रत्यक्षात ३० नोव्हेंबर १७८२ रोजी अमेरिकन वकिलांनी फ्रान्सला न विचारताच इंग्लंडशी तहाचा मसुदा ठरवून त्यावर सह्या केल्या. या युद्धासाठी फ्रान्सने शंभर कोटींहून अधिक लिव्र खर्च केले होते. त्या कर्जाखाली तिजोरी खचली, १७८९ साली राज्यक्रांती झाली आणि ज्याने अमेरिकेला मुक्त केले, तो राजा १७९३ च्या जानेवारीत वधस्तंभावर चढला. त्याच वर्षी फ्रान्स पुन्हा इंग्लंडशी युद्धात उतरला तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी काय केले? त्यांनी अमेरिकेच्या तटस्थतेची घोषणा केली. १७९८ साली तर अमेरिकेने ते तहच रद्द केले. वॉशिंग्टन कृतघ्न होते काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण नवजात राष्ट्राला युद्धाच्या खाईत न लोटणे हे त्यांचे पहिले कर्तव्य होते आणि त्यांनी ते पार पाडले. राज्यांच्या व्यवहारात कृतज्ञता असते. पण ती हितसंबंधांच्या मागून चालते.

हे सूत्र भारताने पुरेशी किंमत मोजून शिकलेले आहे. १९५४ साली पंचशीलाच्या करारावर सह्या झाल्या, ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या घोषणांनी आसमंत दुमदुमला. त्या भाषणांत डॉ. कोटणीस यांचे नाव हटकून येई. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्य लडाख आणि ईशान्य सीमेवर तुटून पडले, तेव्हा कोटणिसांच्या मृत्यूला वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या सेनेच्या जखमी जवानांना सोलापूरच्या या डॉक्टरने रात्र रात्र जागून वाचवले, त्याच सेनेच्या वारसांनी भारतीय जवानांवर बंदुका रोखल्या. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय जवान धारातीर्थी पडले. चीनमध्ये कोटणिसांचे पुतळे आहेत, त्यांच्या समाधीवर फुले वाहिली जातात, चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात त्यांनी पाळला आहे. सामान्य चिनी माणसाच्या मनातील ही कृतज्ञता खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु ती कृतज्ञता हिमालयाच्या रेषेवर पहारा देत नाही, हेही तितकेच खरे.

मग कोटणिसांचे बलिदान वाया गेले काय? काही कार्यकर्त्यांच्या मनात हा प्रश्न येतो आणि त्यामागे आणखी एक अडचण असते. जुलै १९४२ मध्ये डॉ. कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. त्यामुळे त्यांचे नाव घ्यावे की न घ्यावे, असा संकोच होतो. हा संकोच दूर झाला पाहिजे. ज्या विचारसरणीने पुढे चीनमध्ये कोट्यवधींचे जीवन उद्ध्वस्त केले आणि तिबेटसारख्या शांत देशाचा घास घेतला, तिच्याशी राष्ट्रीय विचाराचे मूलगामी मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु सत्य झाकून कोणाचे स्मारक उभे राहत नाही. तो पक्षप्रवेशही सांगावा आणि हेही सांगावे, की मुंबईहून बोटीवर चढताना त्या तरुणाला कोणत्या पक्षाने नव्हे, तर आपल्या देशबांधवांनी पाठवले होते. शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेल्या जखमीला त्याने त्याचे मत विचारले नाही. आर्ताची पीडा दूर व्हावी, यापलीकडे काही न मागणारी सेवा ही या भूमीची जुनी शिकवण आहे. सोलापूरच्या या पुत्राने ती परदेशी जाऊन आचरली. त्याच्यावर एका विचारसरणीने सांगितलेला हक्क निमूटपणे मान्य करणे, म्हणजे आपला वारसा आपण होऊन सोडून देणे होय.

अमेरिकेच्या युद्धातही अशी माणसे होतीच. राजदरबाराच्या हिशेबापलीकडे जाऊन १९ वर्षांचा लाफायेत स्वतःच्या पैशाने जहाज घेऊन निघाला आणि सप्टेंबर १७७७ मध्ये ब्रँडीवाइनच्या लढाईत जखमी झाला. पोलंडचा कोशियुश्को याने वेस्ट पॉइंटची तटबंदी उभारली. त्याचाच देशबंधू पुलास्की १७७९ साली सव्हाना येथे कामी आला. फ्रान्सशी केलेला तह अमेरिकेने मोडला, पण लाफायेतला अमेरिका विसरली नाही. १८२४ साली तो वृद्धपणी पुन्हा तेथे गेला, तेव्हा गावोगाव लोक त्याच्या दर्शनाला लोटले. राज्यांचे तह कालांतराने जीर्ण होतात. माणसाने माणसासाठी केलेला त्याग जीर्ण होत नाही. कोटणीस लाफायेतच्या पंक्तीतले आहेत, व्हेर्जेनच्या नव्हे. त्यांच्या त्यागाचे मोजमाप चीनच्या परराष्ट्रनीतीने करणे हाच मुळात चुकीचा हिशेब आहे.

या दोन हिशेबांतील भेद ज्याने अचूक ओळखला, तो पुरुष म्हणजे स्वतः सुभाषचंद्र. १९३७ साली त्यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये लेख लिहून जपानच्या चीनवरील आक्रमणावर टीका केली, १९३८ साली चीनला डॉक्टर पाठवले, आणि १९४३ साली त्याच जपानच्या साह्याने आझाद हिंद सेनेचे नेतृत्व केले. वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती दिसते. परंतु आक्रमणग्रस्ताला साह्य करणे हा धर्म होता आणि इंग्रजांच्या शत्रूचे साह्य घेणे ही नीती होती. दोन्हींच्या केंद्रस्थानी भारताचे स्वातंत्र्यच होते. हे साह्य घेण्यात धोका नव्हता असे नाही. भारताच्या सार्वभौमत्वाची स्पष्ट हमी जपानकडून मिळेना, म्हणून पहिल्या आझाद हिंद सेनेचे सेनापती मोहनसिंग अडून बसले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात चीनमध्ये कोटणीस गेले त्याच महिन्यात, जपान्यांनी त्यांना अटक केली. नेताजींनी २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकारची स्थापना केली, ती याच अनुभवातून. साह्य घ्यायचे, पण सैन्य म्हणून नव्हे, सरकार म्हणून. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी अंदमानात तिरंगा फडकवला, तरी तेथील खरी सत्ता जपानी आरमाराच्याच हाती राहिली आणि तेथील भारतीयांना तिचे चटके सोसावे लागले. इंफाळच्या रणांगणावर यश आले नाही. पण नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात खटले सुरू झाले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला, तेव्हा इंग्रजांच्या पायाखालची वाळू सरकली. जपान तोवर शरण गेला होता. जे कामी आले, ते भारतीय सैनिकाच्या मनात पेटलेले स्वत्व.

सोलापूरला तर हे कोणी शिकवण्याची गरजच नाही. मे १९३० मध्ये या गिरणगावातील जनतेने इंग्रजी सत्तेचा अंमल काही दिवस जवळपास पुसून टाकला. सरकारला येथे मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. कोणता परकीय राजा सोलापूरच्या साह्याला आला होता? कोणाचे आरमार? जात, पंथ आणि व्यवसाय वेगवेगळे असलेले हे चौघे एका ध्येयासाठी एकाच दिवशी गेले. तेव्हा द्वारकानाथ कोटणीस वीस वर्षांचे होते. ज्या गावाने स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी एवढी किंमत मोजली, त्याच गावातून आठ वर्षांच्या आत दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी एक डॉक्टर बाहेर पडला. स्वतःसाठी लढू शकणारा समाजच दुसऱ्याला साह्य करू शकतो, याचा याहून जवळचा दाखला कोणता?

स्वतंत्र भारतानेही एकदा फ्रान्सची भूमिका बजावली आहे, आणि तीही फ्रान्सहून अधिक निर्मळ हेतूने. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांनी एक कोटीच्या घरात निर्वासित भारतात आले. मुक्तिवाहिनीला भारताने आश्रय, प्रशिक्षण आणि शस्त्रे दिली. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका येथे पाकिस्तानी सेना शरण आली, ९३ हजार युद्धकैदी भारताच्या हाती आले आणि बांगलादेशाचा जन्म झाला. भारतीय सैन्य काही महिन्यांतच तेथून परतले. जिंकलेली भूमी सोडून जाणाऱ्या सैन्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत. त्याच ढाक्यात ऑगस्ट २०२४ मध्ये बंगबंधू मुजीबुर रहमान यांचे पुतळे पाडले गेले आणि हिंदूंच्या घरांवर, देवळांवर हल्ले झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या तुर्कस्तानला भारताने बचाव पथके आणि रुग्णालय पाठवले. मे २०२५ मधील संघर्षात तोच देश पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला. यावरून संताप येणे स्वाभाविक आहे. पण ‘साह्य केले हीच चूक झाली’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. ढिगाऱ्याखालच्या मुलाला बाहेर काढताना त्याच्या राज्यकर्त्यांचे धोरण विचारायचे नसते. चूक होते ती त्या साह्याच्या बदल्यात सीमेवर निश्चिंतता मिळेल, असे गृहीत धरण्यात.

म्हणून या साऱ्यातून तीन गोष्टी मनाशी बांधून ठेवाव्यात. पहिली, परकीय साह्य हे बळाला जोड असते, बळाला पर्याय नसते. साराटोगावाचून यॉर्कटाउन नाही. दुसरी, राज्याने साह्य घेताना वा देताना नाना फडणविसांप्रमाणे डोळे उघडे ठेवावेत. कृतज्ञतेच्या भरवशावर संरक्षणाची अंदाजपत्रके मांडू नयेत. तिसरी, व्यक्तीने मात्र सेवा करताना हिशेब मांडू नये. तेथे कोटणीस हाच आदर्श. राज्याचा धर्म आणि व्यक्तीचा धर्म यांची गल्लत झाली, की राज्य भाबडे होते आणि व्यक्ती स्वार्थी. १९६२ पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी पहिली चूक केली. आज आपण दुसरी करीत नाही ना, याचा शोध प्रत्येकाने स्वतःच्या घरात घ्यावा.

हा शोध सोलापुरात घेणे अवघड नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी दूरदूरचे भाविक या नगरीत येतात. त्याच दिवसांत चार हुतात्म्यांचा स्मृतिदिनही असतो. त्या चौघांच्या पुतळ्यांना वंदन करून मुलांचा हात धरून भैय्या चौकापर्यंत चालत जावे आणि त्यांना दोन्ही कथा एका दमात सांगाव्यात: आपल्या देशासाठी फासावर गेलेल्यांची आणि दुसऱ्याच्या देशासाठी आयुष्य वेचलेल्याची. पदवी हाती पडताच परदेशातील नोकरीकडे डोळे लावून बसणाऱ्या तरुण डॉक्टरांना सांगावे, की १९३८ साली एक डॉक्टर येथूनच परदेशी गेला होता, पण काही मिळवण्यासाठी नव्हे, देण्यासाठी. आज देण्यासाठी समुद्रही ओलांडावा लागत नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर आठवड्यातून एक दिवस गेले, तरी रुग्ण वाट पाहत असतात.

डॉ. कोटणीस यांची समाधी चीनमध्ये आहे. तिची निगा चिनी लोक राखतील. त्यांचा वारसा मात्र भैय्या चौकातील घरात आहे आणि तो चालवण्याचे दायित्व सोलापूरकरांचे, पर्यायाने समस्त मराठी समाजाचे आहे. सीमेवर सावध सैनिक आणि वस्तीवर सेवाभावी डॉक्टर, हे दोघेही ज्या समाजातून निर्माण होतात, त्याला कोणाच्या साह्याची वाट पाहत बसावे लागत नाही.